ॲरो रेस्ट: निवड, जुळवणी आणि ब्रॉडहेडची परीक्षा

कंपाउंड धनुष्यावर (टोकांना कॅम, म्हणजे चाकं असलेल्या) फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाचं साधं टोक, लावलेले बाण छान एका जागी बसतात आणि ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं पात्यांचं टोक, लावलं की तेच बाण भलतीकडे जातात. ही तक्रार नव्या शिकाऱ्यांकडून सगळ्यात जास्त ऐकू येते. मग कुणी ब्रॉडहेड बदलतं, कुणी साइट (नेम धरायचं साधन) फिरवतं. बहुतेक वेळा बाण धनुष्यातूनच किंचित तिरका सुटत असतो. ब्रॉडहेडची पाती हवा धरतात, त्यामुळे मागच्या व्हेननी (पिसांसारख्या पट्ट्यांनी) बाण सावरायच्या आत पुढचं टोक त्याला ओढून नेतं. फील्ड पॉइंटमध्ये हा दोष दिसत नाही. म्हणून रेस्टची, म्हणजे धनुष्यावर बाण ज्यावर टेकतो त्या आधाराची, खरी परीक्षा ब्रॉडहेडनेच होते.

शिकारीसाठी मुख्यतः दोनच प्रकार विचारात घ्यावेत. ब्रशचं रेस्ट, म्हणजे व्हिस्कर बिस्किटसारखं, बाणाला चारही बाजूंनी धरतं. झाडीतून वाकून जाताना बाण पडत नाही आणि बिघडायला हलता भाग नाही. पण व्हेन दर वेळी ब्रशमधून घासून जातात. त्या आखूड आणि ताठ हव्यात, आणि ब्रशचं भोक शाफ्टच्या (बाणाच्या दांड्याच्या) जाडीला जुळणारं हवं. खालचे केस झिजले की बाण खाली बसतो आणि नेम हळूहळू उतरतो. हे लवकर लक्षात येत नाही. कडाक्याच्या थंडीत ओले केस गोठतात.

दुसरं ड्रॉप-अवे. बाण सुटताना त्याचा लाँचर, म्हणजे बाण पेलणारा भाग, खाली पडतो आणि व्हेनला वाट मोकळी होते. यातलं केबलवर चालणारं रेस्ट धनुष्य ओढताना खाली येणाऱ्या केबलला दोरीने बांधलेलं असतं. लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूवर) चालणाऱ्यात स्प्रिंग लाँचर वर ठेवते आणि सुटलेलं लिंब दोरी ओढून त्याला खाली आणतं. नवख्याने लिंबवर चालणारं घ्यावं असं आमचं मत आहे, कारण त्याची दोरी जुळवणं सोपं असतं आणि बाणाला आधार जास्त वेळ मिळतो. मात्र दोरी काट्यात अडकून तुटू शकते. जास्तीची दोरी जवळ ठेवावी.

रेस्ट बसवण्याआधी कॅमचं टायमिंग (दोन्ही एकाच वेळी फिरतात का), डी-लूप (दोरीवरचा बाण ओढायचा फास) आणि बाणाची स्पाइन (ताठपणा) तपासून घ्यावी. यातलं काही चुकलेलं असेल तर रेस्ट कितीही हलवलं तरी उपयोग नाही. मग शाफ्टचा मध्य रायझरमधल्या (धनुष्याच्या मधल्या भागातल्या) बर्जर होलच्या, म्हणजे रेस्ट बसवायच्या भोकाच्या, मध्यासमोर येईल इतक्या उंचीवर रेस्ट ठेवावं. पाणसळ लावून बाण समतल करावा; नॉक (बाणाची दोरीत अडकणारी मागची खाच) 3 मिमीपर्यंत वर चालेल. आडव्या दिशेने रायझरच्या बाजूपासून शाफ्टच्या मध्यापर्यंत साधारण 19 ते 21 मिमी अंतर ही बहुतेक धनुष्यांची सुरुवात असते. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच घ्यावा.

केबलच्या ड्रॉप-अवेत खरं काम दोरीच्या लांबीचं आहे. बाण लावून, टार्गेटकडे तोंड करून सावकाश ओढावं आणि दुसऱ्या कुणीतरी बाजूने पाहावं. ओढ संपायला शेवटचे 2-3 सेंमी राहिले असताना लाँचर पूर्ण वर यायला हवा. फार आधी आला तर दोरी आखूड आहे. लाँचर उशिरा पडून व्हेनला लागतो. पूर्ण वर येतच नसेल तर दोरी लांब आहे. टक्कर होते का हे पाहायला व्हेनवर आणि लाँचरवर पावडरचा फवारा मारून एक बाण सोडावा; कुठे घासलं ते स्वच्छ दिसतं.

त्यानंतर दीडेक मीटरवर ताणलेल्या कागदातून बाण सोडावा. फाट वर गेली, म्हणजे नॉक उंच लागला, तर आधी टक्कर तपासावी. टक्कर नसेल तर रेस्ट किंचित वर घ्यावं किंवा नॉकिंग पॉइंट (दोरीवर नॉक बसतो ती जागा) खाली आणावा. कागद एका बाणावरून वाचू नये, तीन तरी बाण हवेत, कारण धनुष्याची मूठ आवळली तरी आडवी फाट येते.

शेवटी ब्रॉडहेड. वजन फील्ड पॉइंटइतकंच हवं आणि बाण गरागरा फिरवला तर टोक डगमगता कामा नये. ब्रॉडहेडसाठी बनवलेल्या टार्गेटवर 20 मीटरवरून फील्ड पॉइंट आणि ब्रॉडहेड, दोन्हींच्या बाणांचे गट मारावेत. ब्रॉडहेडचा गट डावीकडे असेल तर रेस्ट उजवीकडे सरकवावं, खाली असेल तर वर घ्यावं. थोडक्यात, ब्रॉडहेड जिकडे यायला हवं तिकडे रेस्ट न्यायचं. एका वेळी अर्धा ते पाऊण मिमी, तेही एकाच दिशेत. मग 30-40 मीटरवर पुन्हा पाहावं. दोन्ही गट जुळेपर्यंत साइटला हात लावू नये. रेस्ट सुरुवातीच्या जागेपासून 4-5 मिमी सरकूनही गट जुळत नसतील तर पुन्हा स्पाइन, कॅम आणि मूठ तपासावी.

जुळलं की स्क्रू ॲलन कीने घट्ट करावेत, सौम्य थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) थेंब द्यावा आणि रेस्ट-रायझरच्या सांध्यावर चंदेरी मार्करची बारीक रेघ ओढावी. लाँचरवर फेल्टची पट्टी चिकटवली की बाण ओढताना आवाज येत नाही. केबल किंवा धनुष्याची दोरी बदलली तर मात्र सगळं पहिल्यापासून तपासावं लागतं.