सर्च इंडेक्स ताजा ठेवणारं सर्व्हरलेस फंक्शन: या चुका टाळा

संपादकांचा निरोप येतो: "तो लेख आपण काल मागे घेतला ना? मग सर्चमध्ये अजून कसा दिसतोय?" लिंक दाबली तर ४०४ (पान सापडत नाही), पण शीर्षक, लेखकाचं नाव आणि पहिल्या दोन ओळी सर्चच्या निकालांत ठळक. लेखांतले बदल सर्चच्या इंडेक्समध्ये (शोधासाठीच्या यादीत) पोचवणारं एक सर्व्हरलेस फंक्शन असतं, म्हणजे स्वतःचा सर्व्हर न सांभाळता क्लाउडवर हाक आली की चालणारा छोटा प्रोग्राम. त्याचे लॉग उघडावेत तर सगळीकडे २००, म्हणजे 'सगळं ठीक'.

माझ्यावर हा प्रसंग दोनदा आलाय. फंक्शन पन्नासेक ओळींचं असतं, त्यात चुकायला फारशी जागा नसते. सीएमएसकडून (लेख लिहून प्रसिद्ध करण्याच्या प्रणालीकडून) येणारा प्रत्येक वेबहुक, म्हणजे 'अमुक बदललं' असा आपोआप येणारा निरोप, वेळेवर, एकदाच आणि क्रमानं येणार असं आपण धरून चालतो, आणि घोटाळा तिथे होतो.

प्रसिद्धी ऐकली, माघार ऐकलीच नाही

घोस्ट या सीएमएसचं उदाहरण घ्या. लेख प्रसिद्ध होणं, प्रसिद्ध लेखात बदल होणं, तो मागे घेतला जाणं आणि कायमचा काढला जाणं, या चार गोष्टींचे चार वेगळे इव्हेंट आहेत: 'पोस्ट.पब्लिश्ड', 'पोस्ट.पब्लिश्ड.एडिटेड', 'पोस्ट.अनपब्लिश्ड' आणि 'पोस्ट.डिलीटेड'. घाईत पहिले दोन जोडले जातात, चाचणीत सगळं छान दिसतं आणि उरलेले दोन कुणाला आठवतही नाहीत.

ते जोडले तरी एक खाच आहे. लेख काढून टाकल्यावर येणाऱ्या पेलोडमध्ये (वेबहुकसोबतच्या माहितीत) 'करंट', म्हणजे आत्ताची स्थिती, रिकामा असतो, लेखाचा आयडी 'प्रीव्हियस'मध्ये, म्हणजे आधीच्या स्थितीत, असतो. कोड नेहमीप्रमाणे 'करंट'मध्ये शोधतो, हाती काहीच लागत नाही आणि नसलेलं रेकॉर्ड काढायचा हुकूम सर्च इंजिनकडे जातो. अल्गोलियासारखं इंजिन त्यावर कुरकुर करत नाही. नसलेलं रेकॉर्ड काढायला सांगितलं, ते नाहीच, म्हणजे काम झालं!

याच जातीची दुसरी चूक म्हणजे रेकॉर्डचा आयडी म्हणून स्लग (लेखाच्या लिंकमधला शब्दांचा भाग) वापरणं. शीर्षकातली शुद्धलेखनाची चूक सुधारताना कुणीतरी स्लगही बदलतं आणि इंडेक्समध्ये त्याच लेखाची जुळी भावंडं नांदू लागतात. सीएमएसचा अंतर्गत आयडी घ्या, तो बदलत नाही.

वेबहुकमधला मजकूर उचलून थेट इंडेक्समध्ये

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. संपादक लेख सेव्ह करतात, लगेच शीर्षकातला एक शब्द बदलून पुन्हा सेव्ह करतात. दोन वेबहुक निघतात, फंक्शनच्या दोन प्रती समांतर चालतात. पहिली थंड पडलेली असल्यामुळे उठायला वेळ घेते, दुसरी आधीच जागी असलेल्या प्रतीवर जाते आणि काम उरकून मोकळी होते. मागाहून पहिली येते आणि नव्या शीर्षकावर जुनं लिहून जाते. दोन्ही लॉग हिरवे.

त्यात पुनरावृत्तीची भर. एडब्ल्यूएस लॅम्डा (ॲमेझॉनची सर्व्हरलेस सेवा) असिंक्रोनस पद्धतीनं, म्हणजे उत्तराची वाट न बघता, चालवलं आणि फंक्शननं एरर दिली, तर मुळात ठरलेल्या सेटिंगनुसार ते आणखी २ वेळा चालवलं जातं. एसक्यूएस या ॲमेझॉनच्या निरोप-रांगेच्या सेवेतली साधी क्यू (रांग) तर निरोप 'किमान एकदा' पोचेल एवढंच वचन देते, क्रमाची हमीही देत नाही. त्यामुळे एकच काम तीनदा झालं तरी निकाल एकच राहिला पाहिजे. रेकॉर्डचा आयडी इंजिनला आपोआप बनवू दिलात, तर तीन वेळांची तीन रेकॉर्ड होतील.

उपाय सोपा आहे: वेबहुकला दारावरची घंटा समजा. त्यातून फक्त आयडी घ्या आणि आत्ताची स्थिती सीएमएसला विचारा. लेख प्रसिद्ध असेल तर इंडेक्समध्ये लिहा. मसुदा झाला असेल किंवा सापडतच नसेल, तर काढा. मग प्रसिद्धी, बदल, माघार यांच्यासाठी वेगवेगळा कोड लागत नाही आणि इव्हेंट कोणत्या क्रमानं आले याची चिंता बरीचशी मिटते. मात्र 'सापडत नाही' आणि 'सीएमएस बंद आहे' यांत फरक करा. ५०० (सर्व्हरमधला बिघाड) आल्यावर लेख पुसणारं फंक्शन एका छोट्या बिघाडात अर्धा इंडेक्स खाऊन टाकतं. सीएमएसच्या पुढे कॅश (आधीच्या उत्तरांचा साठा) असेल तर तिला वळसा घालून वाचा, नाहीतर ताजं विचारूनही शिळंच हाती येईल.

'बरीचशी' म्हटलं, कारण वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये थोडी फट उरतेच. सर्च इंजिन इलॅस्टिकसर्च असेल तर लेखाची शेवटच्या बदलाची वेळ मिलिसेकंदांत आवृत्ती क्रमांक म्हणून द्या आणि आवृत्तीचा प्रकार 'एक्स्टर्नल' ठेवा. जुनं लिखाण ४०९ (आवृत्ती जुळत नाही) घेऊन परत येईल. ते अपयश मानू नका, संरक्षण काम करतंय एवढाच त्याचा अर्थ. दुसरा मार्ग एसक्यूएसच्या फिफो (आधी आलं ते आधी) क्यूचा: लेखाचा आयडी हाच मेसेज ग्रुप ठेवला की एका लेखाची कामं एकामागून एक होतात.

२०० आलं, म्हणजे झालं?

नाही. इलॅस्टिकसर्चच्या बल्क (अनेक नोंदी एकत्र पाठवणाऱ्या) विनंतीत काही नोंदी फसल्या तरी उत्तर २०० येतं. आत 'एरर्स' नावाचं फील्ड 'ट्रू' असतं आणि ते कुणी वाचत नाही. टाइपसेन्स इंजिनच्या इम्पोर्टचंही तसंच, तिथे प्रत्येक ओळीचा निकाल वेगळा तपासावा लागतो. मिलीसर्च हे इंजिन २०२ आणि टास्कचा क्रमांक देतं, म्हणजे काम रांगेत लागलं एवढंच. ते पार पडलं की नाही हे त्या क्रमांकावरून नंतर विचारायचं असतं.

नोंदी फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लांबलचक लेख. अल्गोलियात एका रेकॉर्डच्या आकाराला मर्यादा आहे, ती योजनेनुसार बदलते. म्हणून लोक लेखाचे उपशीर्षकांनुसार तुकडे करतात, आणि ते योग्यच आहे. पण काल ९ तुकड्यांचा असलेला लेख आज कापून ६ तुकड्यांचा झाला, तर शेवटचे ३ पोरके तुकडे तसेच राहतात आणि वगळलेला परिच्छेद शोधणाऱ्याला सापडत राहतो. प्रत्येक तुकड्यावर मूळ लेखाचा आयडी ठेवा, नवे तुकडे लिहून झाले की त्या आयडीचे उरलेले जुने तुकडे काढा.

फंक्शन संपलं, काम राहिलं

लक्षण चमत्कारिक असतं: सकाळी छापलेला लेख सर्चमध्ये येत नाही, आणि दुपारी दुसराच लेख छापल्यावर उगवतो. जावास्क्रिप्टमध्ये 'अवेट' (काम संपेपर्यंत थांबायची सूचना) राहून गेलेला असतो. फंक्शन उत्तर देऊन मोकळं होतं, लॅम्डा ते वातावरण गोठवून ठेवतं, आणि अर्धवट राहिलेली विनंती पुढच्या हाकेला तेच वातावरण जागं झालं तर पुढे सरकते. नाहीतर कायमची जाते.

वेळेचंही बघा. लॅम्डाचा मुळातला टाइमआउट ३ सेकंदांचा असतो, वाढवून जास्तीत जास्त १५ मिनिटं करता येतो. पूर्ण संग्रहाचं रिइंडेक्सिंग (सगळं पुन्हा इंडेक्समध्ये भरणं) त्यात कोंबू नका, लेखांचे गट करून क्यूमध्ये टाका. एसक्यूएसचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला निरोप इतरांपासून लपून राहण्याचा वेळ) फंक्शनच्या टाइमआउटच्या किमान ६ पट ठेवा, अशी एडब्ल्यूएसची शिफारस आहे. डेड लेटर क्यू (वारंवार फसलेल्या निरोपांची रांग) जोडा आणि तिच्यात काही पडलं की अलार्म वाजेल असं करा.

रिइंडेक्स करताना चालू इंडेक्स रिकामा करून भरायला घेणं हा तर आततायीपणा. नवा इंडेक्स भरा, मग एलियस (इंडेक्सचं टोपणनाव) त्याच्याकडे वळवा. भरणं चालू असताना आलेले बदल दोन्हीकडे लिहा, नाहीतर तेवढ्या वेळातल्या दुरुस्त्या एलियस वळताच गायब होतील.

घाईत सुटणाऱ्या गोष्टी

वेबहुकची सही (तो सीएमएसकडूनच आल्याचा पुरावा) मूळ, न उलगडलेल्या बॉडीवर तपासा. बॉडीतलं जेसन (माहिती लिहिण्याचा साचा) उलगडून पुन्हा बांधलं की एखादी रिकामी जागा बदलते आणि सही जुळत नाही. मग कंटाळून कुणीतरी तपासणीच बंद करतं.

सशुल्क लेखांचा पूर्ण मजकूर इंडेक्समध्ये घालू नका. सर्चची की (परवानगीची किल्ली) ब्राउझरमध्ये उघडी असते, त्यामुळे पेवॉल पानावर राहते आणि मजकूर मागच्या दारानं निघून जातो.

मराठी मजकुराची एक खास डोकेदुखी आहे. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना दोन्ही सारखेच, इंडेक्सला वेगळे, आणि युनिकोडचं एनएफसी (अक्षरांचं प्रमाण) रूप केल्यानंही ते एक होत नाहीत. इंडेक्समध्ये लिहिताना आणि वाचकाचा शोधशब्द घेताना, दोन्हीकडे एकच रूप करून घ्या.

तक्रार आली की कुठून सुरुवात करावी

आधी आयडीनं रेकॉर्ड थेट इंडेक्समधून मागवून बघा, सर्चच्या पानावर विसंबू नका. रेकॉर्ड बरोबर असेल तर दोष कॅशचा किंवा रँकिंगचा. रेकॉर्ड जुनं असेल तर त्यातली बदलाची वेळ सीएमएसमधल्या वेळेशी ताडा. मग त्या आयडीसाठी फंक्शन चाललं का ते लॉगमध्ये शोधा. चाललंच नसेल तर वेबहुक पोचला नाही, आणि पुढचे दोन तास फंक्शनचा कोड वाचण्यात घालवू नका.

आणि रोज रात्री एक ठरावीक फंक्शन चालवा: सीएमएसमधल्या प्रसिद्ध लेखांचे आयडी आणि बदलाच्या वेळा एका बाजूला, इंडेक्समधल्या दुसऱ्या बाजूला. जे जास्तीचं ते काढा, जे कमी किंवा जुनं ते क्यूमध्ये टाका, आणि फरकाचा आकडा लॉगमध्ये लिहा. तो आकडा बहुतेक रात्री शून्य असावा. एखाद्या रात्री अचानक चाळीस आला, तर संपादकांचा निरोप यायच्या आत वेबहुकची यादी उघडा.