माया पद्धतीचे फेसाळ काकाव घरी कसे करावे

काकाव, म्हणजे कोकोच्या बियांचे हे पेय, कडू आहे. त्यात दूध नाही आणि साखरही नाही, कारण गाय आणि ऊस या दोन्ही गोष्टी अमेरिका खंडात स्पॅनिश लोकांबरोबर पोहोचल्या. त्याआधी किमान दोन हजार वर्षे, आजच्या ग्वाटेमाला, बेलीझ, पश्चिम होंडुरास आणि दक्षिण मेक्सिकोच्या प्रदेशातील माया लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून, पाण्यात कालवून पीत होते. बेलीझमधील कोल्हा येथे सापडलेल्या चंचूच्या मातीच्या भांड्यांमध्ये इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराच्या कोकोचे अंश मिळाले आहेत. माया लिपीत कोकोसाठी असलेल्या शब्दाचा उच्चार ‘काकाव’ असा होतो आणि तो लिहिताना माशाच्या आकाराचे चिन्ह वापरले जाई. आपला ‘कोको’ हा शब्द स्पॅनिश आणि इंग्रजीतून फिरून आपल्यापर्यंत आलेले त्याचेच रूप आहे.

पेय करण्याची कृती अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. चार लहान पेल्यांसाठी साधारण दोन तास हाताशी ठेवावेत.

साहित्य आणि ते कोठून येई

कोकोच्या आंबवून वाळवलेल्या ६० बिया, भाजलेल्या मक्याचे पीठ चार मोठे चमचे, एक सुकी लाल मिरची, व्हॅनिलाची अर्धी शेंग, शेंद्रीच्या बियांची चिमूटभर पूड, पाऊण लिटर पाणी आणि हवा असल्यास थोडा मध एवढे साहित्य पुरते. कोकोच्या बिया भारतातच मिळतात. केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांमध्ये कोको आंतरपीक म्हणून घेतला जातो. ते झाड पाहिले तर आपल्याला फणसाची आठवण होते, कारण त्याची फुले आणि फळे थेट खोडाला व जाड फांद्यांना लागतात.

हे साहित्य आपण एका दिवसात मागवू शकतो. आजच्या मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागातल्या माया घरात मात्र ते सहज जमत नसे. कोकोच्या झाडाला सावली, ऊब आणि बारमाही ओल लागते. युकातानचा उत्तर भाग चुनखडीचा, पातळ मातीचा आणि कोरडा आहे. तिथे जमीन खचून तयार झालेल्या खोल, दमट खळग्यांमध्ये थोडी झाडे जगत, पण गरज भागण्याइतके पीक त्यांतून येत नसे. मुख्य पुरवठा ताबास्कोच्या सखल दलदलीच्या प्रदेशातून आणि होंडुरासमधील उलुआ नदीच्या खोऱ्यातून होई, तर पॅसिफिक किनाऱ्यावरील सोकोनुस्कोचा कोको उत्तम प्रतीचा म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या बदल्यात युकातानकडे देण्यासारखे पुष्कळ होते: उत्तर किनाऱ्यावरील मिठागरांचे मीठ, सुती कापड, मध आणि मेण. युद्धात धरलेली माणसेही गुलाम म्हणून याच व्यापारात विकली जात, आणि कोकोच्या मार्गांविषयी लिहिताना ही बाब वगळणे मला योग्य वाटत नाही.

हा माल ओझेकऱ्यांच्या पाठीवरून आणि एकाच खोडातून कोरलेल्या होड्यांतून फिरत असे. इ.स. १५०२ मध्ये कोलंबसाला होंडुरासजवळच्या ग्वानाखा बेटापाशी अशी एक मोठी होडी भेटली. अनेक इतिहासकारांच्या मते ती माया व्यापाऱ्यांची होती. तिच्यात कापड, तांब्याच्या घंटा, कुऱ्हाडी आणि बदामांसारख्या दिसणाऱ्या काही बिया होत्या. कोलंबसाचा मुलगा फर्नांडो याने नोंदवले आहे की, त्यातल्या काही बिया खाली पडल्या तेव्हा होडीतले सगळेजण जणू डोळाच निखळून पडला असावा अशा घाईने त्या वेचायला वाकले. त्या बिया म्हणजे त्यांचे चलन आहे, हे स्पॅनिश मंडळींना तेव्हा उमगले नव्हते.

पहिली पायरी: बिया निवडून मोजणे

बिया ताटात पसरून हातांनी निवडाव्यात. एखादी बी आडवी तोडून पाहावी. आतला भाग तपकिरी आणि भेगाळलेला असेल तर बी नीट आंबली आहे असे समजावे. तो राखाडी आणि पाटीसारखा घट्ट असेल तर ती आंबलेली नाही आणि तिचे पेय तुरट होईल. बुरशी आलेल्या, कीड लागलेल्या आणि चपट्या बिया काढून टाकाव्यात. वजनाला फारच हलकी लागणारी बी दाबून पाहावी. बिया पैशासारख्या चालत, म्हणून खोट्या बियाही निघत. टरफलातला गर काढून त्यात माती भरण्याची लबाडी मध्य मेक्सिकोतील अझ्टेक लोकांच्या बाजारांत चालत असल्याचे उल्लेख आहेत.

बिया वजनाने न घेता मोजून घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे. मध्य अमेरिकेतील मोजणी विसांच्या पटीत चाले: २०, मग ४००, मग ८,०००, आणि २४,००० बियांचे एक ओझे मानले जाई. आपल्याकडेही जुनी माणसे विसा धरून मोजत असत, त्या हिशेबाने आपल्या ताटात तीन विसा बिया आहेत. त्यांची किंमत किती होती याचा अंदाज मध्य मेक्सिकोतील त्लाश्काला या नगरातील १५४५ च्या दरपत्रकावरून येतो. ते नगर माया लोकांचे नव्हते आणि काळही स्पॅनिश सत्तेचा होता, पण चलन हेच होते. त्यात टर्कीच्या मादीची किंमत १०० भरदार बिया आणि तमाले या मक्याच्या उकडलेल्या पदार्थाची किंमत एक बी दिली आहे. म्हणजे चार पेले पेय करण्यासाठी आपण ६० तमाल्यांची किंमत तव्यावर टाकणार आहोत. तरीही काकाव केवळ राजवाड्यापुरते नव्हते. एल साल्वादोरमधील होया दे सेरेन हे गाव सातव्या शतकाच्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, आणि तिथल्या साध्या शेतकऱ्यांच्या परसातही कोको असल्याचे पुरावे मिळाले आहेत.

दुसरी पायरी: भाजणे आणि सोलणे

लोखंडी किंवा मातीच्या तव्यावर मंद आचेवर बिया २० ते २५ मिनिटे सतत हलवत भाजाव्यात. सुरुवातीला नाकाला आंबूस, शिरक्यासारखा वास येतो. तो आंबवण्याच्या क्रियेत तयार झालेल्या आम्लाचा असतो. पुढे तो विरतो आणि भाजलेल्या पावासारखा खरपूस वास सुटतो. याच सुमारास बिया तडतडू लागतात. एक बी काढून चिमटीत दाबावी. टरफल कुरकुरीत होऊन सुटले तर तवा उतरवावा. धूर दिसेपर्यंत थांबू नये, कारण करपलेला कडवटपणा नंतर कशानेही जात नाही. बिया कोमट असतानाच सोलाव्यात. एवढ्या बिया हातांनीच सोलता येतात. जास्त असतील तर हलकेच ठेचून सुपात पाखडाव्यात, म्हणजे फोलपट उडून जाते.

तिसरी पायरी: वाटणे

माया स्त्रिया उतरत्या दगडी पाट्यावर लांबट दगडाने वाटत. आपला पाटा-वरवंटा या कामाला उत्तम आहे. मात्र त्यावर लसणाची चटणी वाटली जात असेल तर तो आधी नीट घासून, उन्हात वाळवून घ्यावा, कारण कोको वास पटकन धरतो. पाटा कोमट असणे आवश्यक आहे. कोकोच्या गरात सुमारे निम्मा भाग स्निग्ध असतो आणि तो आपल्या अंगाच्या उष्णतेजवळच्या तापमानाला वितळतो. म्हणून पाट्यावर गरम पाणी ओतून तो कोरडा पुसून घ्यावा.

प्रथम भरड होते, मग ती कोरडी आणि हट्टी होऊन वरवंट्याला चिकटते. बरेच जण इथे पाणी घालतात. तसे करू नये. आणखी दहा-पंधरा मिनिटे नेटाने वाटत राहिल्यावर भरडीच्या कडेला तेलाची चमक दिसते, रंग गडद होतो आणि पाहता पाहता सगळी भरड ओल्या, तुकतुकीत लगद्यात बदलते. आता त्यात आतल्या बिया काढून थोडी भाजलेली मिरची, व्हॅनिलाच्या शेंगेतला गर आणि शेंद्रीची पूड घालून पुन्हा वाटावे. मिक्सर वापरायचा असेल तर लहान भांड्यात, थांबून थांबून फिरवावा.

चौथी पायरी: मका मिसळणे

मक्याचे दाणे कोरडेच खमंग भाजून बारीक दळावेत आणि पीठ चाळून घ्यावे. युकातानचे बिशप दिएगो दे लांदा यांनी सोळाव्या शतकात तिथल्या खाण्यापिण्याचे वर्णन केले आहे. त्यात मका आणि कोको एकत्र वाटून केलेले, सणासमारंभात पिण्याचे फेसाळ पेय आहे, तसेच भाजलेल्या मक्यात थोडी मिरची आणि कोको घातलेले पेयही आहे. कोकोचा लगदा आधी अर्धी वाटी गरम पाण्यात हाताने कालवून एकजीव करावा, मग पीठ घालून गुठळ्या मोडाव्यात आणि उरलेले गरम, पण न उकळलेले पाणी हळूहळू ओतावे. पेय ताकाइतके पातळ असावे. मध घालायचा तर तो याच वेळी घालावा. माया लोक त्यासाठी नांगी नसलेल्या मधमाश्या पाळत.

पाचवी पायरी: फेस काढणे

या पेयाची प्रत फेसावरून ठरते. लाकडी रवी स्पॅनिश काळात रूढ झाली. त्याआधी पेय एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत. आज प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात असलेल्या, इ.स. ६७० ते ७५० च्या दरम्यानच्या एका रंगीत माया पेल्यावर, उभी असलेली एक स्त्री हातातल्या भांड्यातून खालच्या भांड्यात धार सोडताना दिसते.

दोन उभट भांडी किंवा तांबे घ्यावेत. एक भांडे परातीत ठेवावे आणि दुसऱ्यातून दीड-दोन फूट उंचीवरून बारीक, अखंड धार सोडावी. भांडी अदलून हे पंचवीस-तीस वेळा करावे. पहिल्या काही वेळा मोठे बुडबुडे येतात आणि फुटतात. त्यानंतर बारीक, तांबूस-तपकिरी फेस साचू लागतो. फेस धरत नसेल तर पेय बहुधा गार झालेले असते किंवा वाटण भरड राहिलेले असते. पहिल्या कारणासाठी पेय पुन्हा गरम करता येते, दुसऱ्यासाठी मात्र पुढच्या वेळी पाट्यावर जास्त वेळ द्यावा लागेल.

फेस चमच्याने चारही पेल्यांत आधी वाटून घ्यावा आणि मग बाजूने पेय ओतावे. मका तळाशी बसतो, म्हणून पेला फिरवत प्यावे. काकावात उत्तेजक द्रव्ये असतात, तेव्हा ते रात्री उशिरा घेऊ नये, आणि कुत्र्याला ते विषारी असल्याने भांडी लगेच धुवावीत. उरलेला लगदा केळीच्या पानावर थापून वड्या कराव्यात. कोरड्या डब्यात त्या काही आठवडे टिकतात आणि पुढच्या वेळी थेट चौथ्या पायरीपासून सुरुवात करता येते.