एक्झॉस्ट फॅनच्या झरोक्यातले घरटे: केव्हा काढावे आणि कसे

स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला एक्झॉस्ट फॅन काही आठवडे बंद राहिला, की त्याच्या बाहेरच्या तोंडाशी काड्या दिसू लागतात. भिंतीतले सहा ते नऊ इंचांचे भोक, वर सज्जा, आत अंधार आणि मांजराला पोचता येणार नाही अशी उंची. चिमणीला किंवा साळुंकीला शहरात याहून सोयीची जागा सहसा सापडत नाही. घरटे दिसताच हात घालून ते ओढून काढण्याची घाई करू नये. आधी पंख्याचे बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावावी, म्हणजे घरातले दुसरे कोणी सवयीने ते दाबणार नाही. पंखा फिरला तर आतला पक्षी पात्यांत सापडतो, आणि दांड्याला दोरे गुंडाळले गेल्यामुळे तो फिरला नाही तर मोटर तापून तिच्यातले तारेचे वेटोळे (वाइंडिंग) जळते; त्याला लागूनच सुके गवत असते हे विसरता कामा नये.

न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर त्याच क्षणी तोही बंद करावा. आपल्याकडच्या लहान न्हाणीघरांत बहुतेक वेळा हवा बाहेर जाण्याची वाट एवढा एकच झरोका असते. तो घरट्याने बुजला, दार लावलेले असले आणि गिझर चालू राहिला, तर आतला प्राणवायू कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. या वायूला रंग नाही, वास नाही. चक्कर येते आणि माणूस कडी काढण्याआधीच कोसळतो. म्हणून झरोका पूर्ण मोकळा होईपर्यंत आंघोळीचे पाणी स्वयंपाकघरात खिडकी उघडी ठेवून तापवावे. या एका बाबतीत कोणतीही तडजोड करू नये, असे मी अगदी आग्रहाने सांगेन.

यानंतर आत काय आहे ते ओळखायचे. त्यासाठी घरट्याला हात लावण्याची गरज नसते. सकाळी अर्धा तास खिडकीशी उभे राहून पाहिले तरी पुरते. पक्षी चोचीत गवत, पिसे किंवा चिंध्या घेऊन येत असेल तर बांधकाम चालू आहे. ये-जा कमी झाली, एक पक्षी बराच वेळ आतच बसून राहू लागला, तर अंडी घातलेली आहेत. चोचीत अळ्या-किडे येऊ लागले, पक्षी आत शिरताच बारीक चिवचिवाट उठला आणि परत जाताना तो चोचीत पांढरी पिशवीसारखी वस्तू धरून बाहेर पडला, तर पिल्ले आहेत. ती पिशवी म्हणजे पिल्लांची विष्ठा. कबुतराच्या बाबतीत ही खूण चालत नाही, कारण ते पिल्लांना गळ्याच्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे द्रव्य भरवते आणि त्याच्या चोचीत काहीच दिसत नाही.

बांधकाम नुकतेच सुरू झाले असेल तर काड्या त्याच दिवशी काढून भोक बंद करावे. पक्षी दुसरी जागा शोधतो. अंडी किंवा पिल्ले असतील तर मात्र थांबावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे धरलेले आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब थांबण्याच्याच बाजूचा आहे. चिमणीची अंडी 11 ते 14 दिवसांत उबतात आणि पुढच्या साधारण दोन आठवड्यांत पिल्ले उडतात. साळुंकीला सगळे मिळून सहा आठवड्यांच्या आसपास लागतात. कबुतराची दोन अंडी 17 ते 19 दिवसांत उबतात आणि पिल्ले त्यानंतर महिनाभर तरी जागा सोडत नाहीत. मधेच भोक बुजवले, तर आत अडकलेली पिल्ले मरतात, कुजतात, घरभर वास सुटतो आणि बारीक किडे जाळीतून घरात उतरतात. थांबणे अशक्यच असेल, किंवा पक्षी जखमी झालेला असेल, तर स्वतः काही न करता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर विचारावे.

एखादे पिल्लू आतल्या बाजूने खाली पडले, तर हात स्वच्छ धुऊन त्याला पुन्हा घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला आई टाकून देते, हा समज खरा नाही.

आमच्या पुण्याच्या घरी न्हाणीघराच्या पंख्यामागे साळुंकीने बिऱ्हाड केले, तेव्हा मी दिनदर्शिकेवर खुणा करत राहिलो. शेवटचे पिल्लू गेले असे वाटले, त्या संध्याकाळी भोकाच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा सैल बोळा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली पडलेला होता. म्हणजे आत अजून कोणीतरी होते. चार दिवसांनी पुन्हा ठेवलेला बोळा दोन दिवस जागचा हलला नाही, तेव्हाच पंखा उतरवला. ही परीक्षा साधी आहे, पण तिच्याइतकी भरवशाची दुसरी मला माहीत नाही. आतून जे निघाले त्याने एक बादली भरली: कडुनिंबाच्या काड्या, गजऱ्याचा दोरा, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, चॉकलेटची चांदी आणि दांड्याला करकचून गुंडाळलेला मांजा. तो मांजा ओढून निघेना; कात्रीने एकेक वेढा कापावा लागला.

प्रत्यक्ष काढताना बटण बंद करण्यावर भागवू नये, त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज-फलकावरचा वीज तोडणारा खटका, खाली करावा. पंखा शक्यतो घराच्या आतून सोडवावा. इमारतीच्या डक्टमध्ये उतरून किंवा सज्ज्यावर उभे राहून हे काम घरच्या माणसाने करू नये. बाहेरूनच करावे लागणार असेल तर दोर आणि पट्टा वापरणारा कारागीर बोलवावा. एन-95 मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा. सुकलेली विष्ठा कधीही कोरडी झाडू नये, कारण तिची धूळ छातीत जाऊन फुप्फुसाचे गंभीर आजार होऊ शकतात, आणि कबुतरांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे; घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला त्या दिवशी दुसऱ्या खोलीत ठेवावे. फवाऱ्याने साबणाचे पाणी मारून घरटे पूर्ण भिजवावे, दहा मिनिटे थांबावे आणि मग ओल्या गोळ्यासारखे उचलून थेट पिशवीत भरून तोंड बांधावे. भोकाच्या कडा ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसाव्यात. मोटरवर पाणी मारू नये. तिची जाळी आणि पाती कोरड्या ब्रशने न झाडता ओल्या फडक्याने पुसावीत. पाती हाताने फिरवून पाहावीत, अडखळली तर वायरमनला दाखवल्याशिवाय वीज जोडू नये.

भोक त्याच दिवशी बंद करणे अत्यावश्यक आहे. साळुंकी आणि चिमणी एका हंगामात पुन्हा अंडी घालतात, आणि कबूतर तर पहिली पिल्ले जागेवर असतानाच दुसरी अंडी घालू शकते. बाहेरच्या तोंडावर अर्ध्या इंचाच्या चौकटीची जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डमेश जाळी लावावी. जाळी भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठी कापून, प्लग आणि वॉशर घालून स्क्रूने पक्की करावी. नुसती तारेने बांधलेली जाळी साळुंकी आठवडाभरात वाकवते. डासांची बारीक जाळी इथे लावू नये, कारण स्वयंपाकघरातल्या तेलकट वाफेने ती महिन्या-दोन महिन्यांत बुजते आणि पंखा नुसताच घुमत राहतो. बाजारात पंखा बंद होताच आपोआप मिटणाऱ्या पट्ट्यांचे झाकणही मिळते, पण तेलाने पट्ट्या अर्धवट उघड्या राहिल्या की तेवढ्या फटीतून चिमणी शिरते. म्हणून झाकण लावले तरी जाळी हवीच.

स्वयंपाकघरातल्या धूर ओढणाऱ्या यंत्राच्या (किचन चिमणीच्या) नळीत पक्षी उतरला असेल आणि खरवडल्याचा आवाज येत असेल, तर यंत्र चालू करून त्याला बाहेर ढकलण्याचा प्रयत्न करू नये. वीज तोडावी, खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवावी, नळीचा खालचा क्लॅम्प सैल करून ती बाजूला करावी आणि खोलीबाहेर जावे. पक्षी उजेडाच्या दिशेने आपण होऊन जातो.

जाळी दर सहा महिन्यांनी काढून गरम पाणी आणि सोड्याने धुवावी. चिमण्यांसाठी जवळच्या भिंतीवर लाकडी खोका टांगायचा असेल, तर त्याचे भोक 32 मिलिमीटरचे ठेवावे, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही, आणि तो एक्झॉस्टच्या गरम हवेच्या झोतापासून दूर, दुपारचे ऊन न लागणाऱ्या बाजूला लावावा.