दादर-पार्ल्यातली जुनी बिल्डिंग की नवा टॉवर? घर घेताना काय बघायचं

सेम बजेटमध्ये दादर-पार्ल्याला सत्तरच्या दशकातली चार मजली बिल्डिंग आणि तिकडे ठाण्याला चकचकीत टॉवर, असं कात्रीत सापडला असाल तर फ्लॅट बघून भुलू नका, आधी कागद बघा.

जुन्या बिल्डिंगमध्ये पहिला प्रश्न, ओनरशिप की पागडी? पागडी असेल तर तुम्ही कायद्याने भाडेकरूच, ट्रान्सफरला घरमालकाला पैसे मोजावे लागतात आणि बँका सहसा लोन देत नाहीत. ओनरशिप असेल तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालाय का विचारा, नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असते आणि उद्या रिडेव्हलपमेंट तिथेच अडते. बिल्डर सही करत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याकडून करून घ्यायचा डीम्ड कन्व्हेयन्सचा मार्ग आहे, पण वेळखाऊ.

मग स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंग किती मजबूत आहे याची इंजिनिअरकडून तपासणी. 30 वर्षं उलटली की मुंबईत ते कंपल्सरी आहे, त्यामुळे सेक्रेटरी "सगळं ओके आहे हो" म्हणाले तरी रिपोर्ट हातात घेऊन वाचा. जमलं तर भर पावसाळ्यात जा, जिन्याखाली आणि गच्चीखालच्या मजल्यावर बघा, पिलरचं प्लॅस्टर फुगलंय का, सळ्या दिसतायत का, आणि रंग ताजा असेल तर दुप्पट बारकाईने बघा! एजंट सांगेलच की "रिडेव्हलपमेंटला जातेय, मोठा फ्लॅट मिळेल". त्या आशेवर एक रुपयाही जास्त देऊ नका, रिडेव्हलपमेंटला लागणारी 51 टक्के सभासदांची संमती मिळाली तरी पुढे कित्येक वर्षं भाड्याच्या घरात जाऊ शकतात.

टॉवरला ओसी, म्हणजे राहायला जायची पालिकेची परवानगी, नसेल तर विषय संपला. महारेराच्या (बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून बघा आणि भाव फक्त कार्पेटवर, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेवर काढा, जिने-लॉबी धरून सांगितलेला सुपर बिल्टअपचा आकडा ऐकायचाच नाही. मेंटेनन्स आधीच विचारा, 700 फुटांना 15 रुपये दर लावला तर महिना 10,500 होतात, आणि 7,500 च्या वर गेलं की बऱ्याच सोसायट्यांत जीएसटी पण बसतो. स्विमिंग पूलमध्ये पोहणारे दहा, पैसे भरणारे सगळे.

माझं विचाराल तर कन्व्हेयन्स झालेली, लिफ्ट असलेली जुनी बिल्डिंग मिळाली तर मी तीच घेईन, खोल्या मोठ्या, हवा खेळती, स्टेशन पायी. पण लिफ्ट नाही आणि घरात आई-बाबा सत्तरीचे, तर सरळ टॉवर बघा, फक्त सकाळी नऊला जाऊन लिफ्टसाठी किती वेळ उभं राहावं लागतं ते मोजा.