ब्रेन ट्यूमरच्या लॅबमधून पोरं पुढे जातात कुठे?

मावसबहीण एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या सेमला आहे, परवा विचारत होती ताई कॅन्सर रिसर्चला स्कोप आहे का गं. मी म्हटलं स्कोप राहू दे, आधी हे विचार की त्या लॅबमधून बाहेर पडलेले लोक आत्ता काय करतायत. मी स्वतः हे न विचारता ब्रेन ट्यूमरच्या लॅबला पीएचडीसाठी जॉइन झाले होते म्हणून सांगतेय.

एंट्री म्हणजे नेट-जेआरएफ (फेलोशिप मिळवून देणारी राष्ट्रीय परीक्षा) नाहीतर संस्थेची स्वतःची परीक्षा आणि इंटरव्ह्यू. खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर रिसर्च सेंटर आहे, त्या अ‍ॅक्ट्रेकला पीएचडी केली तर डिग्री होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची मिळते. जेआरएफला म्हणजे ज्युनियर फेलोला 2023 पासून महिना 37,000, दोन वर्षांनी एसआरएफ म्हणजे सीनियर फेलो झालं की 42,000, वर एचआरए म्हणजे घरभाडं. मात्र पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं धरून ईएमआय वगैरे घेऊ नका.

आता कामाचं. ग्लायोब्लास्टोमा हा मोठ्यांमधला सगळ्यात वाईट ब्रेन ट्यूमर. 2005 च्या मोठ्या ट्रायलमध्ये रेडिएशनला टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची जोड दिली तेव्हा मीडियन सर्व्हायवल (निम्मे पेशंट जितका काळ जगतात तो) 12.1 वरून 14.6 महिन्यांवर गेलं, म्हणजे अडीच महिने, आणि आजही ट्रीटमेंटचा पाया तोच आहे. आपण औषध शोधणार असं डोक्यात घेऊन येतात त्यांची दुसऱ्या वर्षात जाम निराशा होते, माझी झाली होती.

त्यात लॅबमध्ये वाढवलेल्या माझ्या कॅन्सर सेल्सना मायकोप्लाझ्मा नावाचा बारीक बॅक्टेरिया लागला. हा साधा मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडिया (सेल्स वाढवायचं द्रावण) गढूळ होत नाही, सेल्स आरामात वाढत राहतात, आणि टेस्ट केली तेव्हा चार महिन्यांचा डेटा कचऱ्यात. लॅबमध्ये रेग्युलर टेस्टिंगच नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तसंच सेल लाइनचं (एकाच पेशंटच्या सेल्सपासून वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेला साठा) एसटीआर प्रोफाइलिंग, म्हणजे ती नक्की कुणाची हे सांगणारी डीएनए टेस्ट, आधी करून घ्या. यू87 ही जगभर वापरतात ती लाइन, स्वीडनच्या उप्साला इथल्या एका पेशंटची म्हणून, आणि 2016 मध्ये कळलं की सगळीकडे वाटली गेलेली यू87 त्या पेशंटच्या मूळ ट्यूमरशी जुळतच नाही!

तर लोक कुठे गेले. एक सीनियर जर्मनीत पोस्टडॉक करतोय, सगळ्यांना फक्त हाच रस्ता माहीत असतो. दुसरी आयव्हीएफ सेंटरला एम्ब्रियोलॉजिस्ट झाली, कल्चरचा हात इतका स्वच्छ होता तिचा की वेगळं ट्रेनिंग घेऊन पटकन सेट झाली. एकाला उंदीर हाताळणं झेपेना, तो आर ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून टीसीजीए या अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम प्रोजेक्टच्या डेटावर बसला (टीसीजीएने पहिला कॅन्सर ग्लायोब्लास्टोमाच घेतला होता, 2008 चा पेपर आहे, बराचसा डेटा फुकट मिळतो) आणि आता बायोइन्फॉर्मॅटिक्समध्ये (कॉम्प्युटरवर बायोलॉजीचा डेटा तपासणं) आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कमावतो. आणि एक जण रिएजंट विकणाऱ्या कंपनीत, आम्ही त्याला चिडवतो की सेल्समधून निघून सेल्समध्ये गेलास.

मी डायग्नोस्टिक्सला, म्हणजे पेशंटच्या ट्यूमरच्या टेस्ट करणाऱ्या लॅबला आले. डब्ल्यूएचओच्या 2021 च्या वर्गीकरणात मोठ्यांमधल्या ट्यूमरला ग्लायोब्लास्टोमा म्हणायचं तर आधी आयडीएच जीनमध्ये म्युटेशन (बदल) नाही हे दाखवावं लागतं, ऑलिगो (ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, दुसरा एक ब्रेन ट्यूमर) म्हणायचं तर आयडीएच म्युटेशनसोबत 1पी/19क्यू डिलीशन, म्हणजे 1 आणि 19 नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे गायब असणं लागतं, त्यामुळे नुसती स्लाइड बघून भागत नाही आणि फिश (क्रोमोसोमचे तुकडे चमकत्या रंगाने शोधणारी टेस्ट), सिक्वेन्सिंग (डीएनए वाचणं) येणारी माणसं लागतात. पीएचडीत मी ह्याच टेस्ट गाईडच्या मागे लागून शिकले होते, थिसिसमध्ये त्यातलं एक पानसुद्धा नाही. पगार ठीक आहे, रविवार माझा असतो, पण पेपर आता निघत नाहीत आणि कधी कधी ते टोचतं.

बहिणीला म्हटलं इंटरव्ह्यू झाला की गाईडच्या केबिनमधून सरळ बाहेर येऊ नकोस, चौथ्या-पाचव्या वर्षाच्या कुणाला तरी चहाला घेऊन जा. तिथे सगळं कळतं, फंड कधी संपतोय, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, थिसिस किती वर्षं अडकून राहतात. ती म्हणाली, पण ताई अनोळखी माणसाला असं कसं विचारायचं. चहाचे पैसे तू दे म्हटलं, आपोआप बोलतील.