दात पांढरे करताय? सणक टाळायची तर तयारी आधीपासून

जळगावातला मे महिना. रसवंतीवर बर्फ घातलेला उसाचा रस ओठाला लावला आणि सणक थेट डोक्यात गेली! दोनच दिवसांपूर्वी लग्नासाठी म्हणून दात पांढरे करून घेतले होते.

दात पांढरे करायला लावतात त्या जेलमधलं पेरॉक्साइड हे रसायन दाताच्या वरच्या कठीण थरातून आत झिरपतं आणि नसेला डिवचतं, म्हणून दात शिवशिवतात. बहुतेकांचं हे दुखणं काही दिवसांत आपोआप जातं, पण आधीच काळजी घेतली तर त्रास बराच कमी होतो. पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट दोन आठवडे आधीपासून सकाळ-रात्र वापरा. घासून झाल्यावर फेस थुंका, खळखळून चूळ मात्र भरू नका. पेस्टचा अंश दातांवर राहू द्या. ब्रश मऊच हवा.

त्याआधी डॉक्टरांकडून कीड, चीर, उघडी पडलेली मुळं तपासून घ्या. घरी जेल लावणार असाल तर १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडसारखं सौम्य घ्या आणि एक दिवस आड लावा. सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवून दात जास्त पांढरे होत नाहीत, दुखतात तेवढे.

त्या दिवसांत रस, कैरीचं पन्हं, सोडा नकोच. शेवभाजीचा लाल रस्साही दोन दिवस लांब ठेवा, डाग धरतो. आणि मिश्री, कोळसा, लिंबू-मीठ? आमच्याकडे घरोघरी हेच सांगतात. त्याने दात झिजतात, मग साधं पाणीही झोंबतं.

कळ आठवडाभर राहिली किंवा एकाच दातात उठत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.