फुटबॉलमध्ये खालच्या विभागातून वर चढलेल्या संघाचा हंगाम कसा पाहावा

आधी गुणतक्ता वरून वाचायची सवय सोडा. १७व्या जागेवर बोट ठेवा आणि तिथून खाली वाचा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ, प्रत्येकी ३८ सामने, शेवटचे तीन खालच्या विभागात. वरच्या भानगडी आपल्या नाहीत.

मी २०२३-२४ला अशाच वर चढलेल्या ल्युटन टाउनच्या नादी लागले. डिसेंबरात आर्सेनलशी ३-३ झालं होतं. ९७व्या मिनिटाला आर्सेनलच्या डेक्लन राइसचा हेडर आत, ३-४. मार्चमध्ये बोर्नमथविरुद्ध मध्यंतराला ३-०ने पुढे, आणि शेवटी ३-४! त्या रात्रीपासून माझा नियम आहे: शेवटची शिट्टी वाजेपर्यंत कुणाला मेसेज करायचा नाही. (मध्यंतरात मेव्हण्याला केला होता. तो अजून टोमणे मारतो.)

‘४० गुण झाले की सुटलो’ यावर विसंबू नका. वेस्ट हॅम २००२-०३मध्ये ४२ गुण घेऊनही खाली गेला. ल्युटन २६ गुणांवर बुडाला त्या वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्ट मात्र चार गुण कापले जाऊनही ३२वर वाचला. म्हणून आकडा नव्हे, शेजारी मोजा. तळाच्या सहा संघांशी होणाऱ्या सामन्यांवर कॅलेंडरात खूण करा, त्या दिवशी लग्नाला जाऊ नका.

बलाढ्य संघाकडून ०-४ मार खात असलात तरी टीव्ही बंद करू नका. गुण सारखे झाले की गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) बघतात, त्यामुळे पाचवा गोलही मोजला जातो. शेवटच्या दिवशी ल्युटन फॉरेस्टपेक्षा तीनच गुणांनी मागे होता, पण गोलफरकात तब्बल १२ने.